फॉरमॅट न मारता

‘फॉरमॅट मार देते हैं भाभीजी, एक घंटे का काम है.’ आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कुणालाही फोन लावा, तिसऱ्या वाक्याला हे येणारच. त्याच्या बाजूने ते चूकही नाही. नेमकं काय बिघडलंय ते शोधण्यात वेळ जातो आणि त्या वेळाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. पुसलं, नवं विंडोज टाकलं, मशीन चालू, हिशेब मोकळा. पण घरात बसून डीटीपी करणाऱ्या बाईला तो एक तास केवढ्याला पडतो, हे त्याला सांगून पटत नाही.

माझं काम लग्नपत्रिकांचं. थोड्या मराठी, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ने सुरू होणाऱ्या. बाकी सगळ्या हिंदी, आणि त्यांच्या शेवटी ‘मेले चाचू की शादी में जलूल जलूल आना’ लागतंच लागतं. देवउठनी एकादशी झाली की कामाची झुंबड उडते, ती थेट खरमास, म्हणजे इकडे लग्नं न होणारा महिना, लागेपर्यंत. काम पेजमेकर ७.० मध्ये. पानं मांडायचं हे सॉफ्टवेअर २००१ सालचं, त्याच्यापुढची आवृत्ती आलीच नाही, पण माझ्या प्रेसवाल्याला आजही त्याचीच फाईल लागते. हिंदी मजकूर कृतिदेवमध्ये, मराठी श्री-लिपीमध्ये. कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेला जुन्या पद्धतीचा फॉन्ट. त्यात टाइप केलेला ‘भारत’ हा शब्द फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला तर एच, के, के, जे, आर असा दिसतो. नवरदेवाच्या आजोबांचं नाव तसं छापून गेलं तर काय होईल, विचार करा.

म्हणजे फॉरमॅट मारला की पेजमेकर पुन्हा बसवा, इतक्या वर्षांत इकडून तिकडून जमवलेले फॉन्ट शोधा, कीबोर्डची मांडणी लावा, डोंगलचा (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावायच्या किल्लीचा) ड्रायव्हर मिळवा, प्रिंटरचे मार्जिन पुन्हा जुळवा. एका तासाच्या कामामागे माझा आठवडा. तोही नोव्हेंबरातला.

झालं असं, की एका सकाळी मशीन चालू होत असतानाच लाईट गेली, आली आणि लगेच पुन्हा गेली. यूपीएसने दोन-तीनदा टूं-टूं केलं आणि मान टाकली. लाईट स्थिरावल्यावर बटण दाबलं तर निळा पडदा. वर ‘रिकव्हरी’, खाली इंग्रजीत मजकूर की तुमचा पीसी दुरुस्त करावा लागेल, बूट कॉन्फिगरेशन डेटा (मशीन सुरू होताना विंडोज कुठे आहे ते सांगणारी माहिती) सापडत नाही किंवा त्यात चुका आहेत. त्याखाली फाईलचा पत्ता आणि ०एक्ससी००००००एफ हा कोड. एंटर दाबलं की पुन्हा तोच पडदा. एफ-वन दाबलं तरी तोच.

दुकानदाराला फोटो पाठवला. उत्तर वर लिहिलंच आहे. पुढे त्याची पुस्तीही होती: विंडोज टेनचा सपोर्ट संपलाच आहे, इलेवन टाकून घ्या, नाहीतर मेळा लागतोच आहे, तिथे नवं मशीन बघा. सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे त्याचं म्हणणं खरं. पण इलेवनला लागणारं टीपीएम २.०, म्हणजे सुरक्षेची चिप, माझ्या जुन्या मदरबोर्डवर नाही, आणि मेळ्यात मी गजक घ्यायला जाते, कॉम्प्युटर नाही.

भाचा भोपाळला इंजिनिअरिंगला आहे. त्याला तोच फोटो पाठवला, तर तो म्हणाला, ‘‘मामी, विंडोज मेलं नाहीये. त्याला उठवणारं मेलंय.’’ मग पहिलीच गोष्ट त्याने करून घेतली ती म्हणजे डिलीट की दाबत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाणं. तिथे माझी एसएसडी डिस्क नावानिशी दिसत होती, आणि बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ही होतं. ‘‘डिस्क दिसतेय ना? मग बाकीचं होईल. डिस्कच दिसली नसती तर पेनड्राइव्हने काही होत नाही.’’

पेनड्राइव्ह बनवायला दुसरा चालू कॉम्प्युटर लागतो. शेजारच्या वहिनींचा लॅपटॉप मागून आणला. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवायचं. ते फुकट आहे. पेनड्राइव्ह निदान ८ जीबीचा हवा, आणि त्यावर जे असेल ते सगळं पुसलं जातं. टूल चालू केल्यावर ते विचारतं की हाच पीसी अपग्रेड करायचा की दुसऱ्यासाठी इन्स्टॉलेशन मीडिया बनवायचा. मागून आणलेल्या लॅपटॉपवर इथे नीट वाचावं, कारण पहिल्या पर्यायावर टिचकी मारून पुढे गेलात तर वहिनींच्या लॅपटॉपचंच विंडोज बदलायला सुरुवात होईल. दुसरा पर्याय, ६४ बिट, यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह. चारेक जीबी उतरायचं होतं आणि नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरचं. तेवढ्यात स्वयंपाक उरकला.

हेच काम रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामनेही होतं. त्यात आयएसओ फाईल (विंडोजच्या डिस्कची एका फाईलमधली प्रत) द्यायची आणि मशीन नव्या पद्धतीचं असेल तर जीपीटी व यूईएफआय (डिस्कच्या मांडणीची आणि मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) निवडायचं, जुनं असेल तर एमबीआर. भाच्याला ते आवडतं. मला ज्यात कमी प्रश्न ते बरं.

आता आजारी मशीनला सांगायचं, की बाई, आज आपल्या डिस्कवरून नको, या पेनड्राइव्हवरून सुरू हो. त्यासाठी बूट मेन्यू. त्याची की प्रत्येक कंपनीची निराळी: डेल आणि लेनोवोला एफ-१२, एचपीला एफ-९, असूसच्या मदरबोर्डला एफ-८, एमएसआयला एफ-११, गिगाबाइटला एफ-१२. बटण दाबल्याबरोबर ती की टकटक मारत राहायची. यादी आली, आणि त्यात माझा पेनड्राइव्ह दोनदा! एकदा नुसता, एकदा पुढे ‘यूईएफआय’ लिहून. मी फोन कानाला लावलेलाच होता. ‘‘यूईएफआयवाला घ्या मामी. विंडोज ज्या पद्धतीने बसवलंय त्याच पद्धतीने आत शिरायचं, नाहीतर दुरुस्ती भलतीकडेच होईल.’’

मग भाषेचा पडदा, नेक्स्ट, आणि त्यानंतर तो पडदा ज्याच्यावर माझा राग आहे. मधोमध मोठ्ठं बटण, ‘इन्स्टॉल नाऊ’. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, बटणही वाटणार नाही असं ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’. ज्याची मशीन बंद पडली आहे, जो आधीच घाबरलेला आहे, त्याचं बोट कुठे जाणार? घाईत मोठं बटण दाबून, पुढे डिस्क निवडून, आपल्या हाताने सगळं पुसून बसलेली किती माणसं असतील कोण जाणे.

कोपऱ्यातलं दाबलं. ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. इथे ‘स्टार्टअप रिपेअर’ आहे, ते एकदा चालवून बघायला हरकत नाही. काहींचं त्यातच भागतं. माझ्याकडे त्याने बराच वेळ गोल गोल ठिपके फिरवले आणि सांगितलं की पीसी दुरुस्त करता आला नाही. पुढचा दरवाजा कमांड प्रॉम्प्ट, जिथे आज्ञा टाइप करून द्यायच्या. काळा पडदा, पांढरी अक्षरं.

दुरुस्तीला हात लावायच्या आधी भाच्याने एक युक्ती सांगितली, आणि या सगळ्या उपद्व्यापातली ती मला सर्वांत मोलाची वाटते. काळ्या पडद्यावर ‘नोटपॅड’ टाइप करून एंटर. साधं नोटपॅड उघडतं. त्यात फाईल, ओपन, खाली ‘ऑल फाईल्स’ निवडायचं, आणि डावीकडे ‘धिस पीसी’. झालं, सगळ्या डिस्क समोर! विंडोज सुरू नसताना विंडोजच्या आतलं दिसतं. एक गोष्ट मात्र चक्रावून टाकते. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात. माझा सी ड्राइव्ह इथे डी झाला होता. सी म्हणून जे दिसलं ते उघडून बघितलं तर जवळजवळ रिकामं, आणि छातीत धस्स झालं. डी उघडला तेव्हा युजर्स, त्यात माझं नाव, त्यात डेस्कटॉप, त्यावर ‘शादी कार्ड’ नावाचा फोल्डर. सगळ्या पत्रिका जागच्या जागी. मी फोनवर काहीच बोलले नाही तेव्हा भाचाच म्हणाला, ‘‘दिसलं ना?’’

मग बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि आधी कॉपी. नोटपॅडच्या त्या खिडकीतूनही उजवी टिचकी मारून कॉपी-पेस्ट करता येतं, पण किती झालं ते कळत नाही, खिडकी गोठल्यासारखी दिसते. म्हणून काळ्या पडद्यावर रोबोकॉपी: आधी कुठून, मग कुठे, शेवटी स्लॅश ई, म्हणजे आतल्या फोल्डरांसकट. फाईलींची नावं भराभर वर सरकायला लागली. इंग्रजीत दिलेली नावं वाचता येत होती. देवनागरीत दिलेल्या नावांच्या जागी नुसते चौकोन, एकापुढे एक, जणू पत्रिकेत सगळीकडे ठिगळं. घाबरू नये, तो पडदा देवनागरी दाखवत नाही एवढंच. फाईल जशीच्या तशी जाते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, आणि मुख्य म्हणजे विंडोजच्या आतला फॉन्ट्स फोल्डर. तो बाहेरच्या डिस्कवर पोहोचला आणि माझे खांदे खाली आले. आता फॉरमॅट जरी झाला तरी जीव जाणार नव्हता.

अलीकडच्या लॅपटॉपवर इथेच एक अडथळा येऊ शकतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि ४८ अंकी किल्ली मागते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॅपटॉप चालू केलेला असेल तर ती किल्ली बहुतेक त्या खात्यात ठेवलेली असते, दुसऱ्या कुठल्याही मशीनवरून किंवा मोबाईलवरून बघता येते. माझ्या असेंबल्ड डब्याला असलं काही नव्हतं.

आता खरा बिघाड. यूईएफआय पद्धतीच्या मशीनमध्ये विंडोजच्या मोठ्या भागाशेजारी एक चिमुकला भाग असतो, माझ्याकडे अवघा १०० एमबीचा. एरवी तो दिसत नाही. मशीन सुरू झाल्यावर आधी तिथे जातं, विंडोज कुठे आहे ते विचारतं आणि मग पुढे होतं. आमच्या इथल्या जुन्या वाड्यांना मोठ्या दरवाजातच छोटी दिंडी असते, तसंच. दिंडी अडकली तर आत सगळं घर शाबूत असून माणूस बाहेर. हा भाग फॅट-३२ पद्धतीचा असतो. विंडोज ज्यावर राहतं ती एनटीएफएस पद्धत आपण काय बदल करतोय याची आधी नोंद ठेवते, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी पुष्कळदा सावरते. फॅट-३२ मध्ये तशी नोंदवहीच नाही. लाईटच्या त्या धक्क्यात घर वाचलं आणि दिंडी का मोडली, याचं उत्तर मला तरी यातच दिसतं.

हा भाग शोधायला डिस्कपार्ट, डिस्कचे भाग दाखवणारी आणि बदलणारी आज्ञा. इथे भाच्याचा आवाज बदलला. ‘‘मामी, यात मी सांगतो तेवढंच लिहा. ‘क्लीन’ हा शब्द कुठल्याही व्हिडिओत दिसला तरी लिहायचा नाही.’’ तो शब्द खरोखरच डिस्क साफ करतो, पुन्हा विचारतही नाही. आम्ही लिहिलं ‘लिस्ट डिस्क’. माझ्या डिस्कपुढे जीपीटीच्या रकान्यात चांदणीची खूण होती, म्हणजे यूईएफआयचा अंदाज बरोबर. मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’. तक्त्यात एक ओळ: फॅट-३२, १०० एमबी, शेवटी ‘हिडन’. तिचा नंबर घेऊन ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’, आणि तिला झेड हे अक्षर दिलं, ‘असाइन लेटर’ बरोबर झेड. ‘एक्झिट’ करून बाहेर.

यूट्यूबवर या ठिकाणी जवळजवळ प्रत्येक जण बूटरेकच्या आज्ञा सांगतो: फिक्स एमबीआर, फिक्स बूट, रिबिल्ड बीसीडी. मीही आधी बघून ठेवल्या होत्या. त्यातली पहिली जुन्या एमबीआर पद्धतीसाठी आहे, आमच्या मशीनला तिचा उपयोग नाही. दुसरी केली तर पडद्यावर ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’. हजारो लोकांना हेच उत्तर येतं, आणि मग ते फॉरमॅटकडे वळतात. यूईएफआय मशीनवर कामाची गोष्ट निराळी आहे, तिचं नाव बीसीडीबूट. ती विंडोजच्या फोल्डरमधून बूटच्या फाईली उचलते आणि त्या छोट्या भागात नव्याने मांडते. लिहायचं असं: बीसीडीबूट, मग जागा सोडून डी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरचा पत्ता, मग स्लॅश एस आणि झेड, मग स्लॅश एफ आणि यूईएफआय. इथे सी लिहिलं तर चालत नाही. आत्ता, या पडद्यावर, विंडोज ज्या अक्षरावर दिसतंय तेच लिहायचं.

एंटर मारलं. उत्तर: ‘फेल्यर व्हेन अटेम्प्टिंग टु कॉपी बूट फाईल्स’.

दोघंही गप्प. मग तिकडून, ‘‘अरे हो, जमीनच खचलेली असेल. चेकडिस्क करा.’’ चेकडिस्क, झेड, स्लॅश एफ. एवढासा भाग, निमिषात झालं. त्याने विचारलं की हरवलेल्या साखळ्या सापडल्या आहेत, त्यांच्या फाईली करू का, होय की नाही. वाय दाबलं. शेवटची ओळ अशी की विंडोजने फाईल सिस्टिममध्ये दुरुस्त्या केल्या आहेत. वरचा बाण दाबून बीसीडीबूटची तीच ओळ पुन्हा आणली, एंटर.

‘बूट फाईल्स सक्सेसफुली क्रिएटेड.’

या ओळीचा मी फोटो काढून ठेवला आहे. चार शब्द, पण मोडलेलं पुन्हा नीट झालं त्याची किंमत काळ्या पडद्यावर कळत नाही. पेनड्राइव्ह काढला, मशीन सुरू केली. निळी खिडकी आली, ठिपके फिरले, आणि माझा डेस्कटॉप, त्यावर सासूबाईंनी लावायला सांगितलेला गणपती.

लगेच कामाला लागले नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एसएफसी, स्लॅश स्कॅन-नाऊ. हे विंडोजच्या स्वतःच्या फाईली एकेक तपासतं. त्याला काही बिघडलेल्या सापडल्या आणि त्याने त्या बदलल्या. मशीन सुरूच होत नसती तर हीच तपासणी पेनड्राइव्हवरूनही करता येते, फक्त विंडोज कुठल्या ड्राइव्हवर आहे ते सोबत सांगावं लागतं. मग पेजमेकर उघडलं. कृतिदेव कृतिदेवसारखाच, श्री-लिपी श्री-लिपीसारखी, ‘श्रीकृपेकरून’मधला जोडाक्षर-मात्रांचा संसार जिथल्या तिथे.

दुकानदाराला मी कळवलं. तो चांगला माणूस आहे, त्याने आज्ञा लिहून मागितली. मी फोटोच पाठवला. फॉरमॅटच्या कमाईवर पाणी पडलं म्हणून तो खट्टू झाला असं वाटलं नाही. उलट म्हणाला, ज्यांच्याकडे टॅली आहे त्यांच्याकरता हे कामाचं आहे.

भाच्याने रात्री पुन्हा फोन केला. एक राहिलं होतं. बूटची मांडणी नव्याने केली की विंडोजचं स्वतःचं आतलं रिकव्हरी साधन कधीकधी जोडलेलं राहत नाही, म्हणजे पुढच्या वेळी पेनड्राइव्हवाचून काही उघडायचं म्हटलं तर उघडणार नाही. ते बघायला काळ्या पडद्यावर रीएजंटसी, स्लॅश इन्फो. स्टेटस: डिसेबल्ड. रीएजंटसी, स्लॅश एनेबल. ‘ऑपरेशन सक्सेसफुल’. पेनड्राइव्हवर कागदाची चिठ्ठी चिकटवून ‘विंडोज, पुसू नये’ असं लिहिलं, कारण आमच्या घरात रिकामा दिसलेला पेनड्राइव्ह भजनं भरायला जातो.

मग प्रेसवाल्याला फोन लावला, की अडकलेलं प्रूफ आत्ताच पाठवते. तो म्हणाला, ‘‘रुकिए भाभीजी, लड़के वालों का फोन आया था. फूफाजी का नाम छूट गया है, सबसे ऊपर डालना है.’’